कारागीर जातो, कसब कोणाकडे जाते?

राजारामपुरीच्या मुख्य रस्त्याने चालत निघाले की दुकानांच्या पाट्या वाचायला मिळतात. कुठे वडिलांचे नाव, कुठे आजोबांचे, कुठे नावापुढे 'अँड सन्स'. ज्यांनी दुकान काढले त्यांपैकी कितीतरी जण आज हयात नाहीत, पण पाटी आहे. पाटीवरचे नाव राखणे सोपे असते. रंगाऱ्याला चार पैसे दिले की ते पुन्हा चकचकीत होते. पण पाटीमागचे कसब, म्हणजे ज्या हाताच्या गुणामुळे गिऱ्हाईक त्या दुकानाची पायरी चढू लागले, ते कसब कारागीर गेल्यावर कोणाकडे जाते? या खेपेस आम्ही वाचकांपुढे हाच प्रश्न ठेवीत आहोत.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी शिलाईचे मशीन आहे. कुणी दुसऱ्याच्या दुकानात कटिंग करतो, कुणी भगिनी घरी बसून फॉल-पिको करते, कुणाच्या शेजारी चपलांचे काम चालते. तेव्हा मोठमोठ्या फॅशनच्या पेढ्यांची गोष्ट ऐकून 'हे श्रीमंतांचे खेळ' असे म्हणून पान उलटू नका. गोष्ट त्यांची असली तरी धडा आपल्या घरचा आहे.

पॅरिसमधल्या ख्रिश्चन डिऑर यांचे उदाहरण घ्या. त्यांनी १९४६ साली पेढी काढली. १९४७ च्या फेब्रुवारीत पहिले कपडे दाखवले आणि बारीक कंबर व घेरदार स्कर्ट यांनी जगभर नाव झाले. १९५७ च्या ऑक्टोबरात ते अचानक वारले. पेढी जेमतेम दहा वर्षांची. सगळ्यांना वाटले, आता हे दुकान बंद पडणार. पण त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या इव्ह सँ लोराँ या २१ वर्षांच्या पोराकडे सूत्रे गेली. त्यानंतर अनेक हात बदलले, पण पेढी आजही चालू आहे.

हे कसे जमले? त्याची कारणे दोन. एक म्हणजे नोंद. तिकडे कपडा शिवण्याआधी तो साध्या कापडात, आपल्याकडच्या मांजरपाटासारख्या कापडात, कच्चा शिवून पाहतात. अशा कच्च्या शिवणी, चित्रे, कापडांचे तुकडे आणि जुने कपडे जपून ठेवण्याची तिथे पद्धत आहे. नवा माणूस आला की तो आधी हे कपाट उघडतो. दुसरे कारण म्हणजे कारखान्यातले हात. मालक गेला तरी वर्षानुवर्षे सुई चालवणाऱ्या बाया आणि त्यांच्यावरच्या मुख्य कारागीर जागेवर होत्या. कंबर कुठे आत घ्यायची, अस्तर कुठे भरायचे, हे त्यांच्या बोटांत होते. जगाला डिऑर यांचे नाव पाठ झाले, त्या बायांची नावे मात्र कुणी पाटीवर लावली नाहीत. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, पुढे तिच्याशी गाठ आहे.

कोको शानेल या बाई १९७१ साली गेल्या. त्यांच्या जाकिटाच्या आतल्या काठाला एक बारीक धातूची साखळी शिवलेली असते. बाहेरून दिसत नाही, पण तिच्या वजनाने जाकीट अंगावर सरळ पडते. कार्ल लागरफेल्ड यांनी १९८३ पासून २०१९ पर्यंत ती पेढी सांभाळली. त्यांनी रंग बदलले, लांबी बदलली, पण साखळी काढली नाही. वारसा चालवणे म्हणजे जुने तसेच्या तसे गिरवणे नव्हे. काय बदलायचे आणि कशाला हात लावायचा नाही, हे ओळखणे होय.

आता आपल्या शेजारी या. गोव्यात बार्देश तालुक्यात कोलवाळ नावाचे गाव आहे. तिथले वेंडेल रॉड्रिक्स हे आपल्या देशातले नामांकित वेशभूषाकार. त्यांचा जन्म १९६० साली मुंबईचा आणि बालपण माहीमचे. आधी त्यांनी हॉटेलच्या धंद्याचे शिक्षण घेतले, मस्कतला नोकरी केली आणि साठवलेल्या पैशातून परदेशी जाऊन शिवणकला शिकले. हलके, सुटसुटीत, उन्हाळ्यात अंगाला न टोचणारे कपडे ही त्यांची ओळख. २०१४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १२ फेब्रुवारी २०२० रोजी वयाच्या ५९ व्या वर्षी ते वारले.

पण आम्ही त्यांचे नाव घेतो ते मरणाआधी त्यांनी जे केले त्यासाठी. २०१६ साली, हातपाय धड असताना आणि नाव जोरात असताना, त्यांनी आपल्या पेढीची सूत्रे शुलेन फर्नांडिस यांच्याकडे सोपवली. या बाई त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या. नातेगोते नाही, पण काम माहीत. स्वतः रॉड्रिक्स गोव्याच्या वेशभूषेच्या संग्रहालयाच्या कामाला लागले आणि त्यासाठी आपले जुने राहते घर दिले. त्यामुळे ते अचानक गेले तेव्हा पेढीपुढे 'आता कोण?' हा प्रश्नच उभा राहिला नाही. उत्तर देणारी व्यक्ती तीन वर्षांपासून खुर्चीवर बसून काम करीत होती. किती घरांत असे होते? आमच्याकडे म्हातारा शेवटच्या दिवसापर्यंत कात्री हातातून सोडत नाही, आणि तो गेल्यावर पोराला बाहीचा गोल कापता येत नाही.

रॉड्रिक्स यांचे दुसरे काम त्याहून मोलाचे. गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप हे कष्टकरी समाज. २००३ साली त्यांना अनुसूचित जमातींत घेतले गेले. त्यांच्या बाया भातशेतीत चिखलात उभ्या राहून काम करीत. म्हणून त्यांची साडी गुडघ्यापर्यंत आखूड आणि पदराची गाठ खांद्यावर मारलेली, म्हणजे वाकताना पदर पाण्यात पडत नाही. तांबड्या चौकड्यांचे जाडेभरडे सुती कापड. गिरणीचे स्वस्त कापड आले, माग बंद पडले, आणि ही साडी म्हाताऱ्या बायांच्या अंगावर तेवढी उरली. रॉड्रिक्स यांनी तिचा अभ्यास केला, विणकरांकडून ती पुन्हा विणवून घेतली आणि २०१० च्या सुमारास मोठ्या व्यासपीठावर आणली. पण तिला स्वतःचे नाव दिले नाही. 'कुणबी साडी' हेच नाव राहू दिले. जिचे तिला दिले, एवढेच. पण एवढेच पुष्कळ जण करीत नाहीत.

का करीत नाहीत, याचा अनुभव आपल्या कोल्हापूरने २०२५ साली घेतला. त्या वर्षी जूनमध्ये इटलीतल्या मिलान शहरी प्राडा या पेढीने पुरुषांच्या कपड्यांचे प्रदर्शन केले. पुरुषांच्या पायांत चपला होत्या त्या हुबेहूब कोल्हापुरी. अंगठा तोच, पट्टा तोच. नाव मात्र नुसते 'चामड्याच्या सॅंडल्स'. कोल्हापूरचे नाव नाही, कारागिराचे तर नाहीच. गंमत अशी की ही प्राडा पेढीसुद्धा चामड्याच्याच धंद्यावर मोठी झाली. मारिओ प्राडा यांनी १९१३ साली मिलानमध्ये चामड्याच्या वस्तूंचे दुकान काढले. पुढे ते त्यांच्या मुलीने चालवले, आणि १९७८ पासून नात मिउच्चा प्राडा यांनी. शंभर वर्षांवर त्यांनी आजोबांचे नाव जपले. स्वतःच्या आजोबांचे नाव एवढे जपणाऱ्यांना दुसऱ्याच्या आजोबांचे नाव विचारावेसे वाटले नाही.

इथे ओरड झाली, वर्तमानपत्रे पेटली. मग पेढीने मान्य केले की ही कल्पना भारतीय कारागिरीवरून घेतली आहे. जुलैत त्यांची माणसे कोल्हापुरात आली, कारागिरांना भेटली. याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका फेटाळली गेली, कारण ज्यांच्या नावे नोंदणी आहे त्यांनी दाद मागायला हवी होती. डिसेंबर २०२५ मध्ये करार झाला. भारतात २,००० जोड करून घ्यायचे, कारागिरांना प्रशिक्षण द्यायचे, आणि जोडाची किंमत सुमारे ८०० युरो, म्हणजे ८० हजार रुपयांच्या वर.

वाचकहो, किमतीच्या आकड्याने डोळे दिपवून घेऊ नका. प्रश्न वेगळा आहे. कोल्हापुरी चपलेचा संस्थापक कोण? डिऑरचा माहीत आहे, प्राडाचा माहीत आहे. कोल्हापुरीचा कुणालाच सांगता येणार नाही. चपलेच्या प्रकारांत 'कापशी' हे नाव आहे, ते कागल तालुक्यातल्या गावाचे. गावाचे नाव राहिले, ज्याने ती पहिल्यांदा केली त्याचे नाही. बाभळीची साल आणि हिरडा यांत कातडे किती दिवस कमवायचे, रापी कशी धरायची, खिळा न वापरता चामड्याच्याच वादीने तळ कसा शिवायचा, हे ज्ञान कोणत्याही पॅरिसच्या कपाटापेक्षा कमी नाही. घरातल्या बाया बोटांनी नाजूक वेणी गुंफतात, तीही कलाच. पण ज्यांनी हे केले त्यांना समाजाने चांभार, ढोर म्हणून वेशीबाहेर ठेवले. त्यांच्या हातची चपल पायांत चालली, हात मात्र चालला नाही. ज्याला शिवायचेच नाही, त्याचे नाव कोण लिहून ठेवणार?

इथे कुणी आम्हाला विचारील, मग काय, पुन्हा त्याच धंद्याला चिकटून राहायचे? मुळीच नाही. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडायला सांगितले आणि आपल्या माणसांनी ते सोडले, उपाशी राहून सोडले. ते योग्यच होते. जन्मामुळे गळ्यात पडलेले, मान नसलेले आणि दाम नसलेले काम हा वारसा नव्हे, ते जोखड. शुलेन फर्नांडिस यांनी रॉड्रिक्स यांचे काम उचलले ते स्वखुशीने, नावासह आणि मोबदल्यासह. आपल्या पोरांनाही हाच हक्क हवा. हवे तर काम घ्यावे, नको तर सोडावे. घेतले तर मान वर करून घ्यावे. धारावीत सुधीर राजभर यांनी आपल्या पेढीला 'चमार' हेच नाव दिले. जी शिवी होती तीच पाटीवर लावून त्यांनी पिशव्या विकल्या.

नाव मिळवण्याची एक वाट कायद्यानेही दिली आहे. भौगोलिक निर्देशनाचा कायदा १९९९ चा. त्याखाली २०१९ साली कोल्हापुरी चपलेला मानांकन मिळाले. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर असे आठ जिल्हे त्यात येतात. नोंदणी आपल्याकडील संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातील अशाच महामंडळाच्या नावे आहे. डिऑरचे नाव शेअर बाजारात विकता येते. हे मानांकन कुणालाही विकता येत नाही, ते त्या मुलखातल्या कारागिरांचे मिळून असते. मात्र एक मेख आहे. त्याचा फायदा घ्यायचा तर प्रत्येक कारागिराने स्वतःचे नाव 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नोंदवावे लागते. दुकानदार नोंदवील, व्यापारी नोंदवील, आणि सुभाषनगर-जवाहरनगरात अंधाऱ्या खोलीत तळ शिवणारा मागे राहील, तर शंभर वर्षांपूर्वीचीच गोष्ट पुन्हा घडेल. २०२५ साली महामंडळाने जोडाला क्यूआर कोड लावण्याचे ठरवले. मोबाईल समोर धरला की चप्पल कुणी केली ते कळावे, हा हेतू. इतक्या पिढ्यांनंतर चपलेवर करणाऱ्याचे नाव येऊ लागले आहे. ते नाव खरोखर करणाऱ्याचेच असावे, यावर आपण नजर ठेवली पाहिजे.

सरकार आणि पेढ्या काय करतील ते करतील. घरी काय करता येईल ते आम्ही सांगतो.

एक, वही घाला. घरात शिवणारे, चप्पल करणारे, बांबू विणणारे, जे कुणी जाणते माणूस असेल त्याच्याजवळ शाळेत जाणाऱ्या पोराला बसवा आणि लिहून घ्या. माप कसे घेतात, फर्मा कसा कापतात, सामान कुठून आणतात. खाकी कागदाचे फर्मे केराच्या टोपलीत टाकू नका, नाव-तारीख घालून ठेवा. डिऑरच्या कपाटात यापेक्षा वेगळे काही नाही.

दोन, बाईच्या कामाला काम म्हणा. वेणी गुंफणारीचे, काजे-बटन करणारीचे नावही नोंदवा आणि तिचा हिशेब वेगळा लिहा. 'ती नुसती मदत करते' हे वाक्य घरातून काढून टाका.

तीन, हातपाय धड असतानाच शिकवा. आणि शिकवायचे ते शाळा सोडवून नव्हे, शाळा चालू ठेवून. मुलगा असो की मुलगी, ज्याला गोडी आहे त्याला. ज्याला नाही त्याच्यावर लादू नका.

चार, नोंदणीचा कागद स्वतः भरा. इंग्रजी अडत असेल तर वस्तीतल्या शिकलेल्या पोरापोरींनी रविवारचे दोन तास द्यावेत. आपल्याकडे पदवीधरांची वाण नाही. पूर्वी विहारात बसून ज्यांनी म्हाताऱ्यांची पत्रे वाचून दाखवली, त्यांच्याच नातवंडांना हे जड जाऊ नये.

एवढे झाले, तर उद्या कुणी परदेशातून येऊन विचारले की ही कुणाची कारागिरी, तर नुसते 'कोल्हापूरची' असे सांगून थांबावे लागणार नाही. वही उघडून नाव दाखवता येईल.