चान्या आणि रिंगटोन

परवा बीडात बैठकीत एकजण बोलला, 'खाणं, गाणं नंतर, आधी चळवळ.' म्हणलं, थांब गड्या.

माय बैलाच्या चान्या दोरीवर वाळवायची. इंगळावर टाकल्या की अख्ख्या वस्तीत वास. शाळेत मात्र आम्ही सांगायचो, रात्री डाळ होती. ही लाज कुणी शिकवली? शाहू पाटोळेंच्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म'मध्ये मराठवाड्यातल्या महार-मांगांचं ताट छापून आलं, तवा मी पहिल्यांदा मायची चूल पुस्तकात पाह्यली.

आपल्या सुखाची किंमत त्यांना बरोबर कळते. मार्च २०१५ला बैलाच्या कत्तलीवर बंदी आली. मायची चव गुन्हा झाली. त्याच मे महिन्यात शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरनं वाद होऊन आपल्या एका पोराचा खून झाला. रिंगटोनवरनं! आन् आपण गाण्याला किरकोळ म्हणायचं? वामनदादा गावोगाव गात फिरले ते काय नुसत्या करमणुकीला? अन् करमणुकीला असतं तरी बिघडलं कुठं?

सहा महिने कोपीत काढून आलेला कोयता, म्हंजे नवराबायको मिळून एक, बीडच्या बाजारात लेकरासंगं कुल्फी खातो. तर 'पैशे उडवले' म्हणणारे आपलेच.

पुढची बैठक माझ्या घरी. चान्या म्हशीच्या असतील, कायद्यात बसतील. गाणं मोठ्यानं लावणार.