दाढेची भीती आणि कानाचा आधार

मोरा बंदरातून लाँच धरली की भाऊचा धक्का आणि तिथून मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय. १२ जानेवारी २०२४ पासून उरणहून रेल्वेही सुटते. तरी आमच्याकडे किडलेल्या दाढेवर लवंग दाबून महिने काढले जातात. अडचण वाटेची नसते, भीतीची असते. त्या भीतीपायी गाल सुजतो, पू होतो. मिश्री-तंबाखूने पडलेला चट्टाही पदराआड दडून राहतो.

ही भीती खोटी नाही. मशीनची घरघर ऐकताच छाती धडधडते, अंग आवळते आणि आवळलेल्या अंगाला दुखणे जास्त जाणवते. मग कानालाच दुसरीकडे गुंतवले तर?

१९६० च्या सुमारास अमेरिकेत दंतवैद्य गार्डनर आणि मानसशास्त्रज्ञ लिकलायडर यांनी रुग्णांना हेडफोनवर संगीत आणि धबधब्यासारखा आवाज ऐकवला. आवाज कमी-जास्त करणे रुग्णाच्याच हाती होते. तरी आवाज बधिर करणाऱ्या इंजेक्शनची जागा घेत नाही, हे पुढे स्पष्ट झाले. भीती मात्र उतरते. शस्त्रक्रियेआधीच्या चिंतेवरील २०१३ च्या कॉक्रेन आढाव्यात २६ चाचण्या आणि २,०५१ रुग्ण होते. संगीत ऐकणाऱ्यांची चिंता कमी आढळली.

ही गोष्ट आपल्या पूर्वजांना नवी नव्हती. तुर्कस्तानातील एदिर्ने येथे सुलतान दुसरे बायझीद यांचा शिफाखाना १४८८ साली उभा राहिला. तिथे गायक-वादक आठवड्यातून तीनदा रुग्णांसाठी वाजवीत, असे १७ व्या शतकातील प्रवासी एव्लिया चेलेबी लिहितो.

काही घरांत संगीत चालत नाही. त्यांनी आवडत्या कारींची तिलावत, नात किंवा नुसता लाटांचा आवाज लावावा. मन ज्यात रमते, तेच लावायचे. निवड मात्र रुग्णाची.

डॉक्टरांना आधी विचारा. खुर्चीत बसण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे ऐकायला सुरुवात करा. आवाज इतकाच ठेवा, की डॉक्टरांचे बोलणे कानी पडेल. ‘हात वर केला की थांबा’ अशी खूण ठरवून घ्या. रक्तदाब, मधुमेह, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, काही लपवू नका.

आणि घरात अम्मी किंवा नानीच्या तोंडातला चट्टा दोन आठवड्यांत भरला नसेल, तर मोबाईल चार्ज करा, इअरफोन पिशवीत टाका आणि त्यांच्यासोबत तुम्हीही निघा.