हळद आपली, पण फॉरवर्ड खोटा : किमो अर्ध्यात सोडू नका

परवा आपल्या गावच्या ग्रुपवर तोच मेसेज परत फिरला. "अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेत सिद्ध झालं, हळद कॅन्सरच्या पेशींचं कवच तोडते. किमोची गरजच नाही. पुढे पाठवा, एक जीव वाचेल." खाली पंचवीस-तीस हात जोडलेले. एवढं तर नेहमीचंच.

पण त्याच्या खाली एका ताईनं लिहिलं, "आईच्या दोन किमो झाल्या, चार बाकी आहेत. लई त्रास होते तिले. किमो बंद करून हे सुरू करू काय?"

उत्तरं काय आली? "नक्की करा ताई." "किमो म्हणजे विषच." "आमच्या नात्यात एकाले फरक पडला म्हणते." थांबा, आधी डॉक्टरला विचारा, असं एकानंही म्हटलं नाही. मीही नाही. ताईला वेगळा फोन केला, बोललो, पण ग्रुपवर गप्प बसलो. ते चुकलं. म्हणून आज जाहीर लिहितो. लांब आहे, पण पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट. हा मेसेज हवेतून आलेला नाही. त्याच्या मागे खरं संशोधन आहे, आणि म्हणूनच तो जास्त धोकादायक आहे. मेसेजमध्ये नाव नाही, पण ज्या कामाचं शेपूट धरून अशा गोष्टी फिरतात, त्यात डॉ. सुरेश अंबुडकर यांचं काम येतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले शास्त्रज्ञ. अनेक वर्षं त्यांनी एकाच प्रश्नाचा पिच्छा पुरवला : कॅन्सरच्या पेशीवर औषध चालता चालता चालेनासं का होतं?

उत्तराचा एक मोठा भाग म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेलं एक प्रथिन, पी-ग्लायकोप्रोटीन. १९७६ साली कॅनडात जुलियानो आणि लिंग या शास्त्रज्ञांना ते पहिल्यांदा सापडलं. ते काय करतं, हे आपल्या संत्र्याच्या बागवाल्याला एका वाक्यात कळेल. विहिरीत पाणी झिरपतं आणि मोटार ते उपसते. मोटार दमदार असली तर विहीर भरतच नाही. इथे विहीर म्हणजे कॅन्सरची पेशी, झिरपणारं पाणी म्हणजे किमोचं औषध, आणि मोटार म्हणजे हे प्रथिन. औषध आत आलं की बाहेर फेकायचं. एकच नाही, एकमेकांशी काही संबंध नसलेली कितीतरी औषधं ही एकच मोटार उपसते.

मोटारीला वीज लागते. पेशीतली वीज म्हणजे एटीपी नावाचा रेणू. अंबुडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही मोटार पेशीतून वेगळी काढून, कृत्रिम आवरणात बसवून दाखवलं की औषध समोर आलं की ती जास्त एटीपी जाळते. २००० साली झुबिन सौना यांच्यासोबत दाखवलं की एका फेऱ्यात दोनदा एटीपी खर्च होतो. एकदा औषध बाहेर फेकायला, आणि एकदा मोटार परत जागेवर आणायला. वाचायला एवढंसं वाटतं, पण इतकं नेमकं सांगायला वर्षं जातात.

आता हळद. अंबुडकरांच्या प्रयोगशाळेनं थायलंडच्या चिआंग माई विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांसोबत हळदीतल्या घटकांवर काम केलं. २००४ साली ते छापून आलं. औषधाला दाद न देणाऱ्या कॅन्सरच्या पेशी प्रयोगशाळेत वाढवल्या, त्यांच्यावर हळदीतून शुद्ध केलेले तीन घटक घातले, आणि दिसलं की मोटार मंदावते. पेशीत औषध जास्त टिकतं.

हे खरं आहे. लपवलेलं नाही, कोणत्याही कंपनीनं दाबलेलं नाही, वीस वर्षांपासून छापील आहे. पण आता डोकं ठिकाणावर ठेवून वाचा. त्या प्रयोगात हळदीचा घटक किमोच्या औषधाच्या सोबत कामाला येत होता. मोटार बंद पाडायची कशासाठी? विहीर भरावी म्हणून. आणि तुम्ही झिरपच बंद करून टाकली, म्हणजे किमोच थांबवली, तर मोटार बंद पडून विहिरीत येणार काय? ज्या संशोधनाचा दाखला देऊन किमो सोडायला सांगता, ते संशोधनच किमो चांगली लागू पडावी म्हणून केलेलं आहे! मेसेज लिहिणाऱ्यानं अर्धं वाक्य कापलं आणि उरलेल्या अर्ध्यानं माणसं मारायला निघाला.

दुसरा हिशोब. प्रयोगशाळेतल्या पेशीवर घटक थेट घालता येतो. पोटातून घेतलेला कर्क्युमिन रक्तात फारच थोडा पोचतो. माणसांवरच्या अभ्यासात रोज ८ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन देऊनही रक्तातलं प्रमाण अगदी कमीच राहिलं. साध्या हळदीत कर्क्युमिन वजनाच्या ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ८ ग्रॅमसाठी रोज पाव किलोच्या वर हळद. आपल्याच जिल्ह्यातली, समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद घ्या, २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली. तिच्यात ६ टक्के धरा, तरी रोज सव्वाशे-दीडशे ग्रॅम. कोण खाणार?

मग येतात गोळ्यावाले. "मिरीचा अर्क घालून ताकद वाढवलेली" हळदीची गोळी. अशा गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि किमोच्या रुग्णाचं यकृत आधीच औषधं पचवता पचवता थकलेलं असतं. वरणातली, भाजीतली हळद बिनधास्त खा, तिच्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. गोळी घ्यायची तर डॉक्टरला सांगून, लपवून नाही.

आता समोरच्याचं खरं दुखणं. कोणी म्हणेल, "भाऊ, आमच्या बापानं सगळ्या किमो घेतल्या, तरी गेला. मग किमोचा फायदा काय?" या प्रश्नाला मी हसणार नाही. असं होतं. आणि नेमकं हेच हे शास्त्रज्ञ सांगताहेत की का होतं. २०१७ आठवा. बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही म्हणून बिनघोर होतो, आणि त्या साली गुलाबी अळीनं बोंडं पोखरून काढली. अळ्यांत काही आधीपासूनच वेगळ्या होत्या. बाकीच्या मेल्या, त्या उरल्या, त्यांचीच पैदास वाढली. गाठीतही तसंच होतं. ज्या पेशींची मोटार दमदार, त्या किमोतून वाचतात आणि वाढतात. ही मोटार हे एकच कारण नाही, अजूनही वाटा आहेत. पण यात रुग्णाचा दोष नसतो. त्याचं पथ्य चुकलं नाही, श्रद्धा कमी पडली नाही, पूर्वजन्मीचं पाप आडवं आलं नाही. गेलेल्या माणसावर असं खापर फोडणं बंद करा.

आणि औषध चालेनासं झालं तर पुढे काय? डॉक्टर औषध बदलतात, जोडी बदलतात, ऑपरेशन किंवा शेक यांचा विचार करतात. त्यासाठी रुग्ण डॉक्टरसमोर असावा लागतो. तो दोन किमोनंतर घरी गोळ्या खात बसला तर कोणाला कळणार की औषध चालत होतं का नव्हतं?

हेही प्रामाणिकपणे सांगतो. ही मोटार बंद पाडणारी औषधं बनवून माणसांवर अनेक चाचण्या झाल्या. अपेक्षा होती तेवढा फायदा सिद्ध झाला नाही, काहींत त्रासच वाढला. कारण हीच मोटार आपल्या आतड्यात, यकृतात, किडनीत आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांत चांगलं कामही करते, विष बाहेर ठेवते. ती सरसकट बंद केली तर निरोगी अवयवांचीच राखण जाते. शास्त्रज्ञ हे अपयश छापून सांगतात. फॉरवर्डवाला कधी सांगतो काय, की माझ्या नुस्ख्यानं किती जण गेले?

कोणी म्हणेल हा हळदीचा अपमान आहे. आठवा, जखमेवरच्या हळदीचं अमेरिकन पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआरनं ती लढाई भावनेनं जिंकली नाही, जुने लेखी पुरावे समोर ठेवून जिंकली. हळदीची इज्जत पुराव्यानं वाढते, फॉरवर्डनं नाही.

शेवटचं, आणि हे पुढाऱ्यांसाठी. लोक किमो फक्त मेसेज वाचून सोडत नाहीत. योजनेत उपचार फुकट झाला तरी कारंज्याहून सेवाग्राम, सावंगी नाहीतर नागपूर गाठायचं, सोबत एक माणूस, त्याची मजुरी बुडाली, परत येताना रुग्णाला उलट्या. चार फेऱ्यांत घर थकतं, आणि थकलेल्या घरात असा मेसेज शिरतो. केंद्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कॅन्सर डे-केअर केंद्रं काढायचं जाहीर झालं होतं. वर्ध्याचं काय झालं? आमदार, खासदार, जिल्हा परिषद, पुढच्या सभेत हा प्रश्न उभा राहून विचारा. हार-तुरे नंतर.

आणि आपण ग्रुपवाल्यांनी तीन गोष्टी करू. एक, असा मेसेज दिसला की गप्प बसायचं नाही, मी बसलो तसं. दोन, कोणाची किमो सुरू असेल तर सल्ला देण्याऐवजी विचारा, "पुढची तारीख कधी? गाडी लागते काय?" तीन, त्रास सहन होत नसेल तर ते डॉक्टरला सांगा. उलटी, तोंडातले फोड, अशक्तपणा यांवर औषधं आहेत. स्वतःच्या मनानं तारीख चुकवू नका.

त्या ताईची आई तिसऱ्या किमोला जाऊन आली. गाडीची सोय ग्रुपमधल्याच एकानं केली. त्या दिवशी हात जोडणाऱ्यांतला तो एक होता.

हात जोडले ते ठीक, आता ते कामालाही लावू. पटलं तर पुढे पाठवा. हे पाठवलंत तर खरंच एखादा जीव वाचेल.