युरोपचे दुखणे पैशाचे की बाजारपेठेचे?

१/८ युरोप तंत्रज्ञानात अमेरिकेच्या मागे पडत आहे, असा इशारा देणारे फ्रेंच पत्रकार सेर्व्हां-श्रायबर यांचे पुस्तक १९६७ साली गाजले. जवळजवळ साठ वर्षांनंतरही युरोपात तीच चिंता कायम आहे. मधल्या काळात नेमके काय घडले?

२/८ प्रयत्न झाले नाहीत, असे नाही. १९८४ मध्ये युरोपीय समुदायाने माहिती तंत्रज्ञानासाठी 'एस्प्रिट' योजना आणि पहिला संशोधन आराखडा कार्यक्रम सुरू केला. त्याच परंपरेतला आजचा 'होरायझन युरोप' (२०२१-२७) सुमारे ९५ अब्ज युरोंचा आहे.

३/८ उद्दिष्टांचीही वानवा नव्हती. २०१० पर्यंत जगातील सर्वाधिक स्पर्धाक्षम ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था होण्याचा संकल्प मार्च २००० मध्ये लिस्बन येथे सोडला गेला. जीडीपीच्या ३ टक्के रक्कम संशोधनावर खर्च व्हावी, असे २००२ मध्ये बार्सिलोनात ठरले. आजही हे प्रमाण सव्वादोन टक्क्यांच्या आसपासच आहे.

४/८ त्या ३ टक्क्यांतील दोन-तृतीयांश वाटा खासगी उद्योगांनी उचलावा, अशी अपेक्षा होती. खरी तूट तिथे आहे. सरकारी खर्च जीडीपीच्या प्रमाणात अमेरिकेच्या तोडीचा आहे. मात्र त्यातील जेमतेम एक-दशांश रक्कम संघाच्या पातळीवर खर्च होते.

५/८ इतिहासातील दोन उदाहरणे बोलकी आहेत. पहिले जीएसएमचे. १९८७ मध्ये १३ देशांतील दूरसंचार संस्थांनी एकच मानक स्वीकारण्याचा करार केला. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये सेवा सुरू झाली आणि पुढे भारतासह जगभर पसरली. संशोधनाला खंडभराची बाजारपेठ आधीच मिळाली होती.

६/८ दुसरे वर्ल्ड वाइड वेबचे. १९८९ मध्ये त्याची कल्पना जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत मांडली गेली, १९९३ मध्ये ते सर्वांना खुले झाले. त्यावरचे मोठे उद्योग मात्र अमेरिकेत उभे राहिले.

७/८ ही गळती थांबलेली नाही. २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मलेल्या 'युनिकॉर्न' कंपन्यांपैकी सुमारे ३० टक्के कंपन्यांनी मुख्यालय परदेशी हलवले, असे मारिओ द्राघी यांचा सप्टेंबर २०२४ चा अहवाल सांगतो.

८/८ जुलै २०२५ मध्ये आयोगाने २०२८-३४ साठी १७५ अब्ज युरोंचा प्रस्ताव मांडला. मूलभूत विज्ञानासाठी तो आवश्यकच आहे. पण शेतात २७ बांध तसेच ठेवून केवळ बियाणे वाढवले, तर पीक पुन्हा दुसऱ्याच्या खळ्यावर जाईल. भांडवल बाजार आणि कंपनी कायदे एकत्र आणण्यासाठी राष्ट्रीय सरकारांना अधिकार सोडावे लागतील. लिस्बनमध्ये हीच किंमत मोजण्याचे टाळले गेले.