पावतीवरचे शब्द

जून तोंडावर आला, की वह्या-पुस्तकांच्या खर्चापाठोपाठ घरात शाळेची पावती येते. गडमुडशिंगीसारख्या, कोल्हापूरला खेटून असलेल्या गावातला पालकही हल्ली इंग्रजी पावती घेऊन घरी येतो. रक्कम सगळे वाचतात, तिच्या शेजारचा शब्द फारसे कुणी वाचत नाही. पैसा कसला, हे मात्र तो शब्दच सांगत असतो.

‘ट्यूशन फी’च घ्या. आपल्याकडे ट्यूशन म्हणजे शाळेबाहेरची शिकवणी. ‘पोराला ट्यूशन लावलीच नाही, मग हे पैसे कसले?’ असे एखाद्या आईने विचारले तर तिला हसू नये. इंग्रजीत वर्गातले शिकवणेही ट्यूशनच. ‘टर्म फी’ सत्राची, ती वेगळी. ‘कॉशन मनी’ म्हणजे अनामत. शाळा सोडताना ती परत मागायची असते आणि नेमकी तीच मागायची राहून जाते.

सर्वांत फसवा शब्द ‘डोनेशन’. देणगी ही देणाऱ्याच्या खुशीची. पण ‘डोनेशन किती?’ हे आपण भाजीचा भाव विचारावा तसे विचारतो. कायद्याचा शब्द आहे ‘कॅपिटेशन फी’. महाराष्ट्रात १९८७च्या कायद्याने तिला बंदी आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने तर शाळेने जाहीर केलेल्या फीखेरीज घेतलेली देणगी वा वर्गणीही तिच्यातच धरली असून, घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड सांगितला आहे. ज्याला आपण मुकाट्याने देणगी म्हणतो, त्याला कायदा गुन्हा म्हणतो. ह्याच करवीर नगरीत १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा दंड पालकांना होता, तोही मूल शाळेत न धाडल्याबद्दल, महिना एक रुपया!

सुविधांची नावेही पारखून घ्यावीत. ‘जिमखाना’ हा शब्द हिंदुस्थानातच घडलेला. विलायतेत तो घोडेस्वारीच्या स्पर्धांना लावतात. आमची तक्रार शब्दाबद्दल नाही. जिमखाना फी घेतली, तर मैदान कुठे आहे, एवढेच विचारायचे. लायब्ररी फी असेल, तर मुलाच्या दप्तरात शाळेचे पुस्तक कधी दिसते का, तेही पाहावे.

‘बोर्डिंग’ तर कोल्हापूरच्या हाडामांसाचा शब्द. १९०१ साली महाराजांनी मराठा विद्यार्थ्यांचे वसतिगृह उभे केले, पुढे इतर समाजांचीही झाली, आणि सारी बोर्डिंगेच म्हटली गेली. (गडमुडशिंगीजवळच्या विमानतळावर बोर्डिंग म्हणजे विमानात चढणे, ती गोष्ट निराळी.) बोर्डिंगमध्ये राहणे आले तसे जेवणही आले. ‘हॉस्टेल फी’त जेवण असेलच असे नाही, ‘मेस’चा आकडा खाली वेगळा निघू शकतो. वर्षाचे गणित मांडणाऱ्या घराला हा फरक परवडत नाही.

२०११च्या फी नियमन कायद्याने फी ठरवताना पालक-शिक्षक संघाच्या समितीला स्थान दिले आहे. संघाच्या सभेची सूचना इंग्रजीत आली, तर घरातल्या शिकत्या मुलीकडून वाचून घ्यावी, सभेला जावे आणि स्वच्छ मराठीत विचारावे : ही रक्कम कशाची, आणि ह्यातली परत कोणती मिळणार?