आधी पडद्यावर रूळ, मग तख्तावर

खामगावच्या एका वाचक भगिनीने विचारले आहे : सातवीतल्या मुलाला ईदीच्या पैशांतून छोट्या रेल्वेचे रूळ घ्यायचे आहेत. त्याआधी संगणकावर आराखडा काढायला सोपा प्रोग्रॅम कोणता? मुलाच्या डोक्यात जलंब–खामगाव मार्ग आहे.

निवड आम्हाला आवडली. १८७० साली लॉर्ड मेयोच्या हस्ते सुरू झालेला, वऱ्हाडचा कापूस मुख्य मार्गापर्यंत पोचवणारा हा सुमारे १३ किलोमीटरचा फाटा. एका टोकाला जंक्शन, दुसऱ्या टोकाला शेवटचे स्टेशन. नवशिक्याला याहून सुटसुटीत नमुना शोधून सापडायचा नाही.

पण एचओ प्रमाणात, म्हणजे ८७ पट लहान केला, तरी तो दीडशे मीटर भरतो! तेव्हा काय ठेवायचे नि काय गाळायचे, हे पडद्यावरच ठरवलेले बरे. खोडायला तिथे पैसे पडत नाहीत.

आम्ही सुरुवातीला स्कार्म सुचवू. निरनिराळ्या कंपन्यांच्या रुळांचे तुकडे त्यात तयार असतात. निवडायचे आणि एकाला एक जोडत जायचे. फुकटात १०० तुकड्यांपर्यंत आराखडा होतो, तेवढ्यात खामगाव स्टेशन आरामात बसेल. एनीरेलही सोपे, पण फुकटात ५०च तुकडे. दोन्ही विंडोजवर चालतात. एक्सट्रॅककॅड पूर्ण मोफत, लिनक्सवरही चालते. मात्र शिकायला वेळ लागतो, मूल पहिल्याच दिवशी कंटाळून उठेल. परवान्याचे पैसे भरायची घाई तर मुळीच नको.

सगळ्यात आधी घरातले तख्त मोजा आणि ते माप प्रोग्रॅमात भरा. तीन फूट रुंद तख्तावर ४३८ मिलिमीटर त्रिज्येचा गोल काढला, तर दोन्ही कडांना जेमतेम दोन सेंटिमीटर उरतात. घसरलेला डबा थेट फरशीवर! एन प्रमाणातला, १६० पट लहान गाडीचा, २८२ मिलिमीटर त्रिज्येचा गोल दोन फुटांत मावतो. हे रूळ घरी आल्यावर कळले, तर ईदी गेलीच म्हणायची.

एक गोष्ट मात्र प्रोग्रॅमवर सोडू नये. डावे वळण संपताच उजवे जोडले की डबे ओढाताणीने उतरतात. मध्ये एक सरळ तुकडा घालावा. भिंतीकडच्या रुळापर्यंत मुलाचा हात पोचतो का, तेही अम्मीनेच पाहावे.

आराखडा जमला की तुकड्यांची यादी प्रोग्रॅम स्वतःच काढून देतो. ती हातात ठेवूनच दुकानदाराशी भावाचे बोला.