घेतलं काही नाही, फक्त पाहिलं

दहावी-बारावीचे निकाल लागले की पालक सल्ला विचारायला येतात. पूर्वी डीएड, फार्मसी, आयटीआय अशी नावं असत. अलीकडे त्यांत ‘एथिकल हॅकिंग’ची भर पडली आहे. मुलगा उत्साहात असतो. त्याची अम्मी मात्र मागे थांबून हळूच विचारते, “मॅडम, हॅकिंग म्हणजे चोरीच ना? मग ही कमाई हलाल कशी?”

प्रश्न रास्त आहे. उत्तर द्यायचं तर आधी हे काम काय असतं ते पाहायला हवं.

एखादी बँक, रुग्णालय किंवा सरकारी कचेरी जाणकार माणसांना बोलावते आणि सांगते, आमची कुलपं तोडून दाखवा. याला पेनिट्रेशन टेस्टिंग म्हणतात. त्यातला मोठा भाग पासवर्डच्या तपासणीचा असतो, कारण चोर बहुतेक वेळा भिंत फोडत नाही, किल्ली मिळवतो.

अमेरिकेच्या गृह विभागाचं, म्हणजे तिथल्या सरकारी जमिनी आणि राष्ट्रीय उद्यानं सांभाळणाऱ्या खात्याचं उदाहरण घ्या. या खात्याच्या महानिरीक्षक कार्यालयाने तिथल्या कर्मचाऱ्यांचे पासवर्ड तपासले आणि जानेवारी 2023 मध्ये अहवाल जाहीर केला. एकूण 85,944 चालू खाती होती. संगणकात पासवर्ड जसाच्या तसा ठेवत नाहीत, त्याचं पीठ करून ठेवतात असं समजा. पिठातून गहू परत मिळत नाही. पण तोच गहू त्याच चक्कीत दळला तर पीठ तेच येतं. तपासणाऱ्यांनी कोट्यवधी शब्द, नावं, आकडे आणि पूर्वी कुठे ना कुठे फुटलेले पासवर्ड दळून पाहिले आणि कोणतं पीठ जुळतं ते शोधलं. त्यासाठी उभारलेल्या यंत्राचा खर्च 15 हजार डॉलरपेक्षा कमी होता, म्हणजे साधारण 12 लाख रुपये. पहिल्या 90 मिनिटांत 16 टक्के पासवर्ड उघडे पडले. शेवटी आकडा 18,174 वर गेला. दर पाच खात्यांमागे एक!

मला सर्वांत बोलकी वाटली ती पुढची गोष्ट. सर्वाधिक वापरलेला पासवर्ड होता ‘पासवर्ड-1234’, अर्थात इंग्रजी अक्षरांत, आणि तो 478 खात्यांवर होता. तो खात्याच्या नियमांत अगदी चोख बसत होता : पहिलं अक्षर मोठं, बाकीची लहान, मध्ये चिन्ह, पुढे आकडे, लांबीही पुरेशी. नियम पाळला, पण त्यामागचा हेतू हरवला. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट नवी नाही. मुलं समासही आखतात, तारीखही घालतात आणि उत्तर मात्र गाईडमधलं लिहितात.

आपल्या घरांत काय वेगळं चालतं? मोठ्या मुलाचं नाव, त्यापुढे ‘अॅट 123’ आणि यूपीआयचा पिन म्हणजे जन्मसाल. एकच पासवर्ड ईमेलला, तोच वीजबिलाला, तोच शाळेच्या अॅपला. एक ठिकाण फुटलं की सगळी दारं उघडी. त्यापेक्षा एकमेकांशी संबंध नसलेले चार शब्द जोडून लांब पासवर्ड करावा. ‘खिडकी’, ‘जिरं’, ‘रिक्षा’, ‘गालिचा’ असं काहीही चालेल, फक्त इथे छापलेले हेच चार घेऊ नका. ईमेल आणि बँकेचे पासवर्ड वेगवेगळे ठेवा आणि दुहेरी पडताळणी चालू करा. एवढं या सुट्टीत एका संध्याकाळी होऊन जाईल.

आता त्या अम्मीच्या प्रश्नाकडे. चोर जे करतो तेच तपासनीस करतो. शब्दांची यादीही बऱ्याचदा तीच असते. फरक आहे तो इजाजतीचा. सूरह नूरच्या 27व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात परवानगी घेतल्याशिवाय आणि सलाम केल्याशिवाय शिरू नये, असा हुकूम आहे. पुढच्याच आयतीत परत जा म्हटलं तर परत फिरावं, असंही आहे. आणि सहीह बुखारीत या अर्थाची हदीस आहे की परवानगी मागण्याचा हुकूम नजरेसाठीच ठेवला गेला. मुलं मला सांगतात, “मॅडम, शेजाऱ्यांच्या वायफायचा पासवर्ड काढला, पण घेतलं काही नाही, फक्त पाहिलं.” अरे बाबा, हुकूम त्या पाहण्याबद्दलच आहे!

देशाचा कायदाही फार वेगळं सांगत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, 2000 च्या कलम 43 मध्ये मालकाच्या किंवा जबाबदार व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात प्रवेश करणं हा दोष मानला आहे. तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केलं तर कलम 66 प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरण्यासाठी 66-सी हे वेगळं कलम आहे. अठरा वर्षांच्या मुलाला गंमत वाटते, पण पोलीस ठाण्यात ती गंमत राहत नाही.

तोंडी परवानगीही पुरत नाही. कोणती खाती, कोणत्या तारखा, कोणत्या वेळा, काही बिघडलं तर कोणाला फोन करायचा, हे सगळं लेखी असावं लागतं. हाती लागलेले पासवर्ड ही अमानत असते. कोणाचा पासवर्ड किती हास्यास्पद होता, हे चहाच्या टपरीवर सांगायचं नसतं. आणि परवानगी देणाऱ्याला ती देण्याचा हक्क आहे का, हेही पाहावं लागतं. सप्टेंबर 2019 मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात न्यायालयाची सुरक्षा तपासायला दोन तपासनीस रात्री इमारतीत शिरले. राज्याच्या न्याय विभागाने त्यांना नेमलं होतं, कागदही खिशात होता. पण इमारत काउंटीची, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्याची. तिथल्या शेरीफने दोघांना घरफोडीच्या आरोपाखाली तुरुंगात टाकलं. आरोप मागे घेतले गेले ते जानेवारी 2020 मध्ये.

घरातही हा प्रश्न आहेच. बायकोच्या फोनचा पिन चोरून पाहणारे नवरे, सुनेचे मेसेज वाचणाऱ्या सासवा मला माहीत आहेत. ‘आपल्याच घरात कसली इजाजत’ म्हणणाऱ्यांनी त्याच सूरह नूरची 58वी आयत अर्थासह वाचावी. घरातल्या लहान मुलांनीसुद्धा दिवसातल्या तीन वेळी परवानगी घेऊन आत यावं, असं तिथे सांगितलं आहे. लहान मुलाच्या फोनवर आईबापांनी लक्ष ठेवू नये असं मी म्हणत नाही. पण त्याला सांगून ठेवा, चोरून नको.

म्हणून त्या अम्मीला मी म्हणते, मुलाला शिकू द्या. ज्याच्या सांगण्यावरून दारं तपासली जातात, त्याचं घर वाचतं आणि त्या मेहनतीचा मोबदला घेण्यात मला काही गैर दिसत नाही. फीची मोठी पावती फाडण्याआधी क्लासवाल्याला एवढंच विचारा की मुलं सराव कशावर करणार. ‘कोणतीही वेबसाइट’ असं उत्तर आलं तर उठून या. सरावासाठी मुद्दाम कच्ची कुलपं लावलेल्या वेबसाइट बनवलेल्या असतात. ‘ओवास्प’ या संस्थेची ‘ज्यूस शॉप’ त्यांपैकीच एक, आणि ती फुकट मिळते. ती आपल्याच संगणकावर चालवता येते. घरात पडून असलेला जुना लॅपटॉप बहुधा त्याला पुरतो.